चित्र मुलांचं राहू दे

चि. मनू,


लेकीच्या सातव्या वाढदिवसाला हॉल, जादूगार आणि कानठळ्या बसवणारी गाणी यांऐवजी घरीच मुलांना जमवून रंगवायला बसवायचं, हा तुम्हा दोघांचा बेत मला मनापासून आवडला. तू पाठवलेली यादीही नीट वाचली. छापील वारली आकृत्यांचे कॅनव्हास बोर्ड, समोर उभी राहून एकेक पायरी करून दाखवणारी ताई, आणि शेवटी पहिल्या तीन चित्रांना बक्षिसं. या तिन्ही गोष्टी तू यादीतून काढून टाकाव्यास असं माझं स्पष्ट मत आहे. तू विचारलंच आहेस, म्हणून कारणांसकट लिहिते. कारण न देता दिलेला सल्ला तू ऐकणार नाहीस, आणि ऐकूही नयेस.

कोऱ्या कागदासमोर बसलेलं मूल सतत काही ना काही ठरवत असतं. सुरुवात कुठून करायची, आई मोठी काढायची की घर, आभाळ कागदाच्या वरच्या कडेला पट्टीसारखं द्यायचं की खालपर्यंत आणायचं, पिवळा संपला तर सूर्याला कुठला रंग द्यायचा. आपल्याला हे किरकोळ वाटतं. पण एरवी दिवसभरात सात वर्षांच्या मुलाच्या हातात कशाचा निर्णय असतो? डबा, गणवेश, शाळा, क्लास, झोपायची वेळ, सगळं आपणच ठरवतो. कागदावर मात्र त्याचं चालतं. म्हणून माझी कसोटी एकच आहे. मुलाची अडचण दूर करणारी तयारी हवी तितकी कर, आणि मुलाचा निर्णय आपल्या हातात घेणारी तयारी मुळीच करू नकोस. तुझ्या यादीतल्या तिन्ही गोष्टी दुसऱ्या प्रकारात बसतात.

मुलांची चित्रं म्हणजे मोठ्यांच्या चित्रांची कच्ची आवृत्ती, हा समज शंभर वर्षांपूर्वीच मोडीत निघाला. फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी 1927 च्या पुस्तकात मांडलं की लहान मूल डोळ्यांना दिसतं तसं काढत नाही, त्याला जे ठाऊक असतं ते काढतं. म्हणून घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात, आईच्या पोटातलं बाळ दिसतं, बाजूने काढलेल्या गाडीला चारही चाकं असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या रोडा केलॉग यांनी मुलांची चित्रं प्रचंड संख्येने जमवली आणि अगदी सुरुवातीच्या गिरगोट्यांतही वीस मूळ प्रकार वेगळे करून दाखवले. व्हिक्टर लोवेनफेल्ड हे ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेले कलाशिक्षक. त्यांच्या 1947 च्या ग्रंथात वयानुसार चित्र कसं बदलत जातं याचा सविस्तर आलेख आहे. चार वर्षांचं मूल डोक्यालाच हातपाय जोडतं, सातव्या-आठव्या वर्षी पायाखाली जमिनीची रेघ येते, आणि नवव्या-दहाव्या वर्षानंतर आपलं चित्र खऱ्यासारखं होत नाही ही खंत सुरू होते. तुझ्याकडे येणारी मुलं पाच ते दहा वयाची आहेत. म्हणजे एकाच खोलीत या सगळ्या पायऱ्यांवरची मुलं असणार, आणि तू त्या सगळ्यांपुढे एकच छापील आकृती ठेवणार. पाच वर्षांच्या मुलाला ती आवाक्याबाहेरची वाटेल, दहा वर्षांच्या मुलीला बाळबोध.

लोवेनफेल्ड यांच्या ग्रंथात एकाच मुलाच्या पक्ष्यांचं एक उदाहरण आहे. आधी मुलाने स्वतःच्या मनाने काढलेला पक्षी, मग सरावपुस्तकातला पक्षी बघून पुन्हापुन्हा गिरवलेला, आणि त्यानंतर परत स्वतःहून काढायला सांगितल्यावर उतरलेला. या तिसऱ्या खेपेला पक्षी सरावपुस्तकातलाच येतो, मुलाचा पक्षी हरवलेला असतो. एका मुलाच्या चित्रांवरून सिद्धांत होत नाही, हे मला मान्य आहे. एका दुपारी छापील आकृती रंगवून कुणाची कल्पनाशक्ती मरणार नाही, हेही मान्य. पण माझा मुद्दा नुकसानीचा कमी आणि हुकलेल्या संधीचा जास्त आहे. दोन तास, चांगले रंग, मित्रमैत्रिणी आणि पसारा करायची मुभा असा योग शाळेत सहसा येत नाही. तो रेघांच्या आत रंग भरण्यात का घालवायचा?

वारलीबद्दलही दोन शब्द. वारली चित्रांवर तुझं प्रेम आहे, म्हणून आकृत्या छापून आणाव्याशा वाटल्या हे मी समजू शकते. पण डहाणू-पालघरकडच्या घरांत लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात तो गेरूने किंवा मातीने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूची काडी टोकाशी चावून तिचा कुंचला करून. त्या चित्रांचा जीव तालात उमटणाऱ्या रेषेत आहे. रेषा आधीच छापून मुलांना आत लाल-हिरवा भरायला लावला तर वारलीचं काहीच त्यांच्या हाती लागत नाही. ती कला त्यांना दाखवायचीच असेल तर दुसऱ्या एखाद्या दिवशी तपकिरी कागद, पांढरा रंग आणि काड्या दे आणि जिव्या सोमा मशे यांची चित्रं दाखव. वाढदिवसाच्या गडबडीत ते नको.

आता बक्षिसं. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुळातच चित्रं काढायला आवडणारी तीन ते पाच वर्षांची 51 मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र नंतर अचानक दिलं, आणि काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात मोकळ्या वेळी तेच रंगीत मार्कर पुन्हा मांडले, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. एवढंच नाही, बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही परीक्षकांना कमी प्रतीची वाटली. अचानक मिळालेल्या प्रशस्तिपत्राने मात्र काही बिघडलं नाही. तेव्हा निघताना प्रत्येकाला रिटर्न गिफ्ट जरूर दे, चित्राशी त्याचा संबंध जोडू नकोस. स्पर्धांना त्यांची जागा आहे. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी 1949 मध्ये सुरू केलेल्या बालस्पर्धेने कितीतरी देशांतल्या मुलांची चित्रं जगापुढे आणली. पण तिथे मूल आपलं चित्र दूरच्या परीक्षकाकडे पाठवतं. तुझ्या दिवाणखान्यात हरणारं मूल जिंकणाऱ्याच्या शेजारी बसून केक खाणार आहे.

तुझ्या मनात येणारे आक्षेप मला दिसतात. पहिला, बाकीच्या आयांना घरी न्यायला काहीतरी 'दिसण्यासारखं' हवं असतं. खरं आहे, पण त्यांची समजूत काढणं तुझं काम आहे. मुलांनी त्याची किंमत का मोजावी? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शिकणं अनुकरणातूनच होतं, आपल्याकडे रांगोळी, गाणं, मूर्तिकाम सगळं बघून आणि गिरवूनच शिकतात, मग छापील आकृतीनेच काय बिघडतं? अनुकरणाला माझा विरोध नाही. पण गुरूकडे गिरवणारा शिष्य वर्षानुवर्षं तिथे असतो आणि गुरू त्याचा हात पाहून पुढचा धडा देतो. दोन तासांच्या पार्टीत अशी नजर कुणाची असणार? पुढे तुझी लेक चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसली तर वस्तुचित्र, स्मरणचित्र, भूमिती, अक्षरलेखन सगळं शिस्तीत शिकेल आणि शिकावंच. शिवाय मुलं एकमेकांचं बघून काढणारच. एकीने इंद्रधनुष्य काढलं की पाच मिनिटांत चार इंद्रधनुष्यं होतात. ते थांबवू नकोस, कारण तिथे कुणाचं काय उचलायचं हे मूल स्वतः ठरवतं.

शिकवायचंच नाही असं ठरवलं तरी मोठ्यांची आवड झिरपतेच. व्हिएन्नात 1897 पासून मुलांचे मुक्त चित्रवर्ग घेणारे फ्रान्झ चिझेक आपण काही शिकवत नाही म्हणत, तरी त्यांच्या वर्गातली चित्रं एका वळणाची दिसतात अशी टीका झालीच. म्हणून नमुना म्हणून भिंतीवर काहीही लावू नकोस, आणि मुलं रंगवत असताना तू स्वतः ब्रश हातात घेऊ नकोस. शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद 1944 मध्ये सेवाग्रामला आले आणि गांधीजींच्या नयी तालीम शिक्षणपद्धतीच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं कला शिकवली. त्यांच्या लेखी तयार चित्रापेक्षा ते काढताना मुलामध्ये काय घडतं याला मोल जास्त होतं. वर्ध्याजवळच्या साध्या शाळेत जे जमलं ते तुझ्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये का जमू नये?

आणि 'मला येत नाही' म्हणून हात बांधून बसणारं मूल? बहुधा ते नऊ-दहाचंच असेल. त्याला हत्ती काढून देऊ नकोस. हत्ती पाणी पितो तेव्हा सोंड कुठपर्यंत जाते, त्याचे पाय माणसासारखे वाकतात का, असे प्रश्न विचार. तरीही नको असेल तर त्याला रंग कालवायच्या कामाला बसव. पाच मिनिटांत त्याचा हात कागदाकडे वळतो, आणि नाही वळला तरी बिघडत नाही.

बोर्डांचे वाचलेले पैसे कागदावर घाल. चित्रकलेच्या वहीचा पातळ कागद पाणी लागताच सुरकुततो आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. 200 जीएसएम किंवा त्याहून जाड कागदाची मोठी शीट आणून चार भाग कर, आणि माणशी तीन तरी कागद धर, कारण पाच वर्षांचं मूल दहा मिनिटांत एक चित्र संपवतं. रंग पोस्टर कलरच घे. ॲक्रिलिक वाळलं की कपड्यावरून निघत नाही. लाल, पिवळा, निळा आणि भरपूर पांढरा. काळा अगदी थोडा आणि तोही उशिरा बाहेर काढ, कारण तो सुरुवातीला हाती आला की सगळं राखी होतं. हिरवा आणि केशरी विकत आणू नकोस. पिवळ्यात निळा थेंबाथेंबाने घालायचा, निळ्यात पिवळा नाही, एवढंच एकदा सांग. गडद रंग फिक्याला लगेच गिळतो, आणि उलट केलं तर पिवळ्याची बाटली रिकामी होऊनही हिरवा उजळत नाही. रंग दह्याइतका दाट असू दे. डब्यासोबत येणारे केसाळ बारीक ब्रश बाजूला ठेव; अर्धा इंची चपटा आणि आठ नंबरचा गोल, असे दोन ब्रश माणशी पुरतात. दोन मुलांमध्ये पाण्याचे दोन डबे हवेत, एक धुवायला आणि एक स्वच्छ, आणि ते बूड जड असलेले, म्हणजे कोपर लागून सांडणार नाहीत.

मुलांना खाली फरशीवर बसव. सतरंजी गुंडाळून ठेव, जुनं प्लास्टिक अंथर, बाबांचे जुने शर्ट बटणं पाठीकडे येतील असे घाल. रंग लावण्याआधी कागदाच्या मागे पेन्सिलीने मुलांनी स्वतःच नाव लिहावं. ओली चित्रं दोरीवर टांगू नकोस, दाट रंग ओघळतो. आतल्या खोलीत जमिनीवर सपाट ठेव. केक रंगकामानंतर काप, नाहीतर केक खाऊन उठलेली मुलं पुन्हा बसायचीच नाहीत.

'हे काय काढलंस?' असं कुणालाच विचारू नकोस, त्यात ओळखू न आल्याची तक्रार असते. 'हा निळा कसा तयार केलास?' असं विचार, मूल आपणहून सगळी गोष्ट सांगेल. चित्रांचे फोटो आयांच्या ग्रुपवर शेजारीशेजारी टाकू नकोस, त्याने तुलना होतेच. ज्याच्या त्याच्या आईला ज्याचं त्याचं चित्र पाठव. आणि आजच सगळ्यांना निरोप दे: मुलांना जुने कपडे घालून पाठवा, न्यायला अर्धा तास उशिरा या, चित्रं तोवर वाळायची आहेत.

तुझी,
मावशी