हेवीच्या मागून उडताना

मुंबईहून बरीच वर्षं मी एटीआर-७२ उडवलं. पुढे ट्रिपल सेव्हन, म्हणजे बोइंग ७७७, आणि मागे आम्ही, हे रात्रीच्या ड्यूटीला नेहमीचंच. नव्या को-पायलट मुलामुलींना जे सांगत आले, ते इथे मांडते.

१. पुढच्याचं नाक कुठे उचललं, ते डोळ्यांनी टिपा.
पंखाखाली दाब जास्त, वर कमी. म्हणून पंखाच्या टोकाशी हवा खालून वर वळते आणि मागे दोन भोवरे सुटतात. विमान नुसतं धावत असताना त्यांचा त्रास नाही. नाक उचललं, पंखांनी वजन घेतलं, की ते सुरू. आपली चाकं त्या जागेच्या अलीकडेच सुटायला हवीत. एटीआरला ते जमतं. पण मोठं जेट भराभर चढतं, त्यामुळे पुढे आपण त्याच्या वाटेच्या खालीच सापडतो. आणि भोवरे मिनिटाला ३०० ते ५०० फूट खाली उतरत असतात.

२. इंटरसेक्शनवरून निघताना एक मिनिट जास्त, ते उगाच नाही.
१३६ टन किंवा अधिक वजनाचं विमान हेवी. त्याच्यामागे मीडियमला, म्हणजे आमच्यासारख्यांना, २ मिनिटं. २०१४ साली मुंबईत ए-३८० येऊ लागलं, त्याच्यामागे ३. धावपट्टीच्या मधूनच निघालो तर अनुक्रमे ३ आणि ४. कारण मग आपण उचलतो ते नेमकं त्याच्या भोवऱ्यांच्या पट्ट्यात.

३. मीडियम म्हणजे सगळे सारखे नव्हेत.
७ टनांपासून १३६ टनांपर्यंत सगळे एकाच वर्गात. माझं एटीआर भरून २३ टनांचं, पुढचं ए-३२१ नव्वदीच्या घरात, तरी दोघंही मीडियम, म्हणून या जुन्या वर्गवारीत मधे सक्तीचं एक मिनिटही नाही. हे मला कधीच पटलं नाही. त्याच्या भोवऱ्यात सापडलो की पंख एकाएकी खाली जातो, हातातलं योक पूर्ण उलट फिरवावं लागतं आणि जमीन अजून हाताच्या अंतरावर असते. ते मिनिट नियमात नसेल तर आपण मागून घ्यायचं.

४. वारा पडलेल्या रात्री जास्त जपा.
दुपारी समुद्रावरचा वारा भोवरे मोडून टाकतो. डिसेंबरच्या पहाटे हवा हलत नाही, तेव्हा ते रेंगाळतात. त्याहून फसवा तो जेमतेम ३ ते ५ नॉटचा आडवा वारा. जमिनीजवळ भोवरे बाहेरच्या बाजूला सरकतात. असा वारा त्यातल्या एकाला अडवतो आणि तो धावपट्टीवरच राहतो. विंडसॉक अर्धवट हलताना दिसला की मी घड्याळाकडे परत बघते.

५. धक्का बसला तर पेडलवर नाचू नका.
१२ नोव्हेंबर २००१, न्यूयॉर्क. अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ हे ए-३०० विमान जपानच्या ७४७ च्या मागून उडालं. दोघांतलं अंतर नियमात बसणारं होतं. भोवऱ्याचा धक्का लागल्यावर को-पायलटने रडरचं पेडल आलटून पालटून पूर्ण दाबलं, आणि शेपटीचा उभा पंख तुटला. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ जण गेले. तपासाचा निष्कर्ष असा की भोवरा तेवढा जबर नव्हता. पंख तोडला तो पेडलच्या मारामारीने. विमान कललं तर एलरॉनने सरळ करा, पाय शांत ठेवा. हे सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा करून घ्या, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो.

६. वेळ हवा असेल तर लाइन-अपच्या आधी सांगा.
मुंबईत एका वेळी एकच धावपट्टी चालते. तिच्यावर जाऊन थांबलात तर उतरणाऱ्याला गो-अराउंड करावं लागतं आणि टॉवरचं सगळं गणित बिघडतं. होल्डिंग पॉइंटवरूनच म्हणा, वेकसाठी, म्हणजे पुढच्याच्या भोवऱ्यांसाठी, आणखी एक मिनिट हवं. मागची रांग कितीही लांब असो, टॉवर तोवर दुसऱ्या कुणाला तरी पुढे काढतो. मी मागितलं आणि मिळालं नाही, असं कधी झालं नाही.