भिंतीवरची नदी

चला, आपण शाळेच्या भिंतीवर नदी रंगवू या. सुरुवात नाणेघाटाजवळ. तिथून अरबी समुद्र जवळ, पण आपली कुकडी त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते. जुन्नर तालुका ओलांडून ती घोड नदीला मिळते. घोड येते आंबेगावातून. पुढे भीमा, उजनी धरण, मग कृष्णा, शेवटी बंगालचा उपसागर. भिंत पुरायची नाही!

उजनीचे पाणी सोलापूरकर पितात. आपण काठावर टाकलेला केरकचरा पुरात तिकडेच वाहत जातो.

पाण्याची नोंद भिंतीवर करायची चाल जुनीच. शिवनेरीच्या लेण्यांत सुमारे २००० वर्षांपूर्वीचा लेख आहे. इरिला नावाच्या यवनाने दोन 'पोढी', म्हणजे पाण्याची टाकी, दान दिली, एवढाच मजकूर.

आपण नदीशेजारी गावांची नावे लिहू. सोलापूर मोठ्या अक्षरांत.