जोडी तोडू नकोस

1972ची डॅटसन 240 झेड घेतलीस म्हणे. आता तुझे शनिवार-रविवार गेले! मी इथे न्यू जर्सीत गराजमध्ये हीच गाडी दोनदा पूर्ण उघडलीय. हात पोळून शिकलेलं सांगतो, ऐक.

आधी ब्रेक, मग इंजिन. मूळचं 2.4 लिटरचं एल24 काढून तिथे 280 झेडचं 2.8 लिटरचं एल28 बसवणं सोपं आहे, म्हणूनच मोह होतो. पण पळणारीला आवरायची सोय आधी कर.

पुढच्या चाकांना टोयोटाच्या जुन्या फोर-बाय-फोर पिकअपचे चार पिस्टनांचे कॅलिपर बसतात. डस्ट शील्डचा पत्रा थोडा कापावा लागतो. पण या कॅलिपरना तेल जास्त लागतं. मूळचा 7/8 इंची मास्टर सिलिंडर तसाच ठेवलास, तर पॅडल खोल जाईल. 280 झेडएक्सचा 15/16 इंची घे. बूस्टरची दांडी त्याच्या पिस्टनला आधीच टेकलेली नको, केसभर मोकळीक ठेव. नाहीतर ब्रेक सुटत नाहीत, चाकं तापतात. रबरी होजही नवे घाल. आतून फुगलेला होज तेल जाऊ देतो, परत येऊ देत नाही.

क्लचची प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगची कॉलर एकाच घरातली हवी. मी एकदा प्लेट नवी घातली आणि कॉलर हाताला लागली ती. निघाली आखूड. गिअरबॉक्स चढवला, सगळे बोल्ट आवळले, पॅडल दाबलं तर क्लच सुटेना. पुन्हा सगळं खाली!

कार्बुरेटर ठेवणार असशील, तर एल28सोबत आलेला इंजेक्शनचा पंप लावू नकोस. आपल्या कार्बुरेटरला तीन-चार पीएसआय पुरतात, तो पंप त्याच्या कितीतरी पट जोर लावतो. आतली सुई तेवढा दाब अडवू शकत नाही, पेट्रोल उतू जातं. आणि खाली काय असतं? तापलेला एक्झॉस्ट!

थोडक्यात, पार्ट बसला म्हणजे जुळला असं नाही. जंकयार्डात एक काढलास, की तो ज्याच्याबरोबर काम करतो तोही काढून आण.

पहिली फेरी रिकाम्या पार्किंगमध्ये मार, सावकाश. मागे अजून ड्रमच आहेत, तेव्हा पुढची चाकं फार लवकर लॉक होतात का बघ. मग काकाला फोन कर. काकूला घेऊन फिरायला तेव्हाच येईन.