एका एकराचा हिशेब

दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या समाजबांधवांपैकी कोणी ना कोणी आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतो. गावाकडे वडिलोपार्जित एकर-अर्धा एकर कोरडवाहू जमीन आहे, भाऊ आणि वहिनी तेथेच राहतात, आपण नोकरीनिमित्त शहरात. तेव्हा ती विकावी, पडीक ठेवावी, की तेथे घर बांधून ती राबती करावी? आम्ही काही शेतीतज्ज्ञ नाही. पदवी कला शाखेची आणि काम बँकेतील कारकुनाचे. परंतु कर्जाचे अर्ज तपासता तपासता जमाखर्चाची सवय अंगवळणी पडली आहे. त्याच सवयीने प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील एका एकराचा हिशेब मांडून पाहिला आहे. कुटुंब पाच माणसांचे आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला आहे.

प्रथम एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला खेडे सोडावयास सांगितले, मग हे उलटे पाऊल कशासाठी? आक्षेप योग्य आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रामजीवनाच्या गोडव्यांचा जो समाचार घेतला, तो आजही वाचण्यासारखा आहे. खेड्याची आरती ओवाळण्याची आमचीही इच्छा नाही. पण आपण खेडे सोडले तरी आई-वडील, भाऊ, एखादी विधवा बहीण तेथेच राहिली, हे खरे ना? आणि १९५९ व १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे तुरुंगात गेली ती जमिनीसाठीच. जमीन पडीक पडली की आधी शेजाऱ्याचा बांध सरकतो, मग गिऱ्हाईक येते, आणि भाऊ दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाऊ लागतो. प्रश्न खेड्याच्या प्रेमाचा नसून मागे राहिलेल्यांच्या भाकरीचा आहे.

याच विषयावर १९१८ साली बाबासाहेबांनी हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रे व त्यांवरील उपाय यांसंबंधी एक इंग्रजी निबंध लिहिला. त्यातील एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. केवळ क्षेत्रफळ पाहून एखादी जमीन परवडणारी की न परवडणारी हे ठरविता येत नाही. तिच्यावर भांडवल, जनावरे, अवजारे आणि मजूर किती प्रमाणात लागले आहेत, यावर ते अवलंबून असते. त्यांच्या मते खरा रोग जमिनीच्या लहानपणात नव्हता. शेतीवर माणसांचा भार फार आणि साधने अपुरी, हा तो रोग होता, आणि त्यांनी सुचविलेला उपाय औद्योगिकीकरणाचा होता. पुढे १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी सामुदायिक शेतीचा आराखडा दिला. म्हणजे एकट्याने तुकडा कसून माणूस वर येईल असे त्यांना कधीच वाटले नव्हते. हे ध्यानात ठेवूनच पुढील आकडे पाहावेत.

नकाशा काढण्याआधी कागद पाहावा. सातबारा आणि आठ-अ चा उतारा काढून वारसनोंद झाली आहे का, खाते सामाईक आहे का, हे तपासावे. आपल्याकडील पुष्कळ जमिनी मूळच्या महार वतनाच्या आहेत. १९५८ च्या कनिष्ठ गाववतने नाहीशी करणाऱ्या कायद्याखाली त्या पुन्हा मिळाल्या तेव्हा नव्या शर्तीवर मिळाल्या. सरकारी परवानगीवाचून त्यांचे हस्तांतरण होत नाही. अशी शर्त असेल तर ती सातबाऱ्यावर दिसते. शेतात घर बांधण्याचे नियमही तहसील कचेरीत आधी विचारून घ्यावेत. आणखी एक गोष्ट. १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती योजनेनुसार पतीला हयातीतच पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येते. राबणार वहिनी आणि कागदावर तिचे नाव नाही, असे किती उतारे आम्ही रोज पाहतो!

आता पाणी. बँकेत येणारा शेतकरी प्रथम विहीर किंवा बोअर यांच्यासाठी कर्ज मागतो. आमच्या मते आधी आकाशातून किती पडते ते मोजावे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढेच सूत्र पुरे आहे. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर ७०० मिलिमीटर पावसाचे २८ लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. त्यातले २० टक्के जरी वाहून एका कोपऱ्यात आले, तरी साडेपाच लाख लिटर होते. १५ मीटर लांब, १५ मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि कडांना एकास एक उतार असलेल्या शेततळ्यात ४,४१,००० लिटर मावते.

हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. ऑक्टोबरअखेर तळे भरले असे धरले आणि तळाला प्लास्टिकचे अस्तर घालून पाझर थांबविला, तरी ऊन आपला वाटा घेतेच. हिवाळ्यात दिवसाला ५ आणि उन्हाळ्यात ८ मिलिमीटर वाफ धरली, तर पावसाळ्यापर्यंत अडीच लाख लिटर, म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी, नुसते उडून जाते. उरलेल्या पाण्यावर दोन गुंठ्यांची परसबाग मे अखेरपर्यंत जगते, आणि एवढेच. तुरीला द्यायला फारसे काही राहत नाही. शेततळे खोदले म्हणजे ऊस लावता येईल अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.

छपराचे पाणी मात्र वेगळे. ५०० चौरस फुटांचे पत्र्याचे छप्पर म्हणजे ४६ चौरस मीटर. वाया जाणारे सोडून ८० टक्के धरले तरी वर्षाला सुमारे २६,००० लिटर स्वच्छ पाणी मिळते. पिण्यास व स्वयंपाकास माणशी ५ लिटर धरले, तर पाच माणसांच्या घराला फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत ३,००० लिटर लागतात. म्हणजे एका छपराखालचे पाणी आठ घरांचा उन्हाळा काढते. हा आकडा आम्ही दोनदा करून पाहिला.

म्हणून आमची अशी सूचना आहे की, टाकी कुंपणाच्या आत असावी, पण तिचा नळ कुंपणाबाहेर, रस्त्याच्या बाजूला असावा. पाणी मागण्यासाठी कोणाला आपल्या अंगणात यावे लागू नये, हाक मारावी लागू नये. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपले पूर्वज ज्यासाठी तळ्यावर गेले, त्यांच्या वारसांच्या घरी पाणी कसे दिले जाते याला महत्त्व आहे. टाकी एक मोठी बांधण्यापेक्षा दरवर्षी एक, अशा तीन-चार बांधाव्यात. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडावे, टाकी झाकलेली व तोंडाला बारीक जाळी असलेली ठेवावी, आणि पिताना पाणी उकळावे किंवा क्लोरिनचे औषध घालावे.

जमिनीची वाटणी आम्ही अशी करू : घर, अंगण व गोठा ३ गुंठे; परसबाग २; तळे व त्याचा भराव ४; झाडे व चारा ६; आणि पिके २५. एकूण ४० गुंठे झाले. बांधावर गिरिपुष्प लावावे, त्याचा पाला खत म्हणून जमिनीत जातो. शेवगा, पपई, लिंबू, कढीपत्ता, सीताफळ ही झाडे असावीत. शेवगा व पपई लवकर हाताशी येतात, लिंबाला चार-पाच वर्षे थांबावे लागते. न्हाणीचे पाणी केळी आणि अळूला सोडावे. दोन उस्मानाबादी शेळ्या आणि आठ-दहा देशी कोंबड्या या एकराला झेपतात. उस्मानाबादी शेळी जुळी देण्याबद्दल प्रसिद्धच आहे. गोबरगॅसचा मोह पुष्कळांना होतो, परंतु दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागते, ते एका गाईने होत नाही.

आता खाण्याचा हिशेब. माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरले तर पाच माणसांना वर्षाला ७ क्विंटल ३० किलो धान्य लागते. कोरडवाहू ज्वारी एकरी चार क्विंटल धरली तर आपल्या २५ गुंठ्यांत अडीच क्विंटल होईल. म्हणजे एक तृतीयांश! येथेच ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द अडखळतो. म्हणून आम्ही ज्वारीऐवजी तूर आणि तिच्या ओळींत मूग सुचवितो. बरे वर्ष असेल तर तूर दोन आणि मूग एक क्विंटल मिळावा. त्यातून घरची डाळ निघून सव्वा क्विंटल उरेल. २०२४-२५ च्या हंगामातील आधारभूत किमती पाहा : तूर ७,५५० रुपये आणि संकरित ज्वारी ३,३७१ रुपये क्विंटल. एका क्विंटल तुरीला सव्वादोन क्विंटल ज्वारी येते. म्हणजे उरलेल्या कडधान्याच्या बदल्यात पावणेतीन क्विंटल ज्वारी मिळेल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, ते वर्षाला तीन क्विंटल होते. तरीही दीड क्विंटल कमी पडते. ते भाजी, अंडी आणि बोकड यांच्या पैशांतून आणावे लागेल.

भाजीचे गणित मात्र जमते. माणशी रोज ३०० ग्रॅम म्हणजे घराला वर्षाला साधारण साडेपाच क्विंटल भाजी लागते. दोन गुंठे नीट सांभाळले तर चौरस मीटरला साडेतीन किलो धरून सात क्विंटल होते. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी दहा गुंठ्यांत कुटुंब चांगले जगू शकते असे मांडले होते. त्यांचे ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक जरूर वाचावे. परंतु त्यामागे सूर्यप्रकाशाचा, पाल्यापाचोळ्याचा आणि रोजच्या निरीक्षणाचा जो अभ्यास आहे, तो सुटीत गावी जाणाऱ्या चाकरमान्याकडून होणार नाही. तो तेथे राहणाराच करू शकतो.

सारांश हा की, एका घराचा हिशेब एकट्याने पुरा होत नाही, तो वस्तीबरोबर पुरा होतो. आपल्याकडे डाळ उरते, दुसऱ्याकडे ज्वारी. आपल्याकडे भाजी, दुसऱ्याकडे बैल. लातूर-धाराशिव भागात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने राबविलेला एक एकराचा नमुना याच दिशेचा आहे. घरच्या जमिनीपैकी एक एकर बाईच्या निर्णयाखाली असतो, आणि त्यात कडधान्य, तृणधान्य, भाजीपाला व जोडीला कोंबड्या-शेळ्या असतात. त्या संस्थेला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. दुसरे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी घरीच गावठी बियाण्यांची बँक उभी केली, आणि २०२० च्या पद्मश्रीसाठी त्यांची निवड झाली. बियाणे उसने न्यायचे आणि हंगामानंतर दुप्पट आणून द्यायचे, अशी त्यांची रीत. व्याजाचा हा दर आमच्या बँकेत कोणी ऐकून घेणार नाही, पण मूठभर वालाच्या बियांना तो कोणाला जड होत नाही.

आपल्या एकरावर अशा तीन गोष्टी सहज होऊ शकतात : बियाण्यांचे एक फडताळ, फवारणीचा पंप, वजनकाटा व कोळपे ठेवलेली एक पडवी, आणि वस्तीतील बायकांचा बचतगट बसेल एवढी ओसरी. नाबार्डने १९९२ साली बचतगट बँकांना जोडण्यास सुरुवात केली. त्यानंतर गटांच्या वह्या तपासताना आम्हांस एवढे दिसले आहे की, ज्या गटाची बसण्याची जागा आणि वार ठरलेला असतो, त्याचे हप्ते थकत नाहीत. अवजारे उसनी देताना वहीत सही घ्यावी. नात्यात सही कशाला, असे म्हणणाऱ्याचीच आधी घ्यावी.

पैशांबाबत तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला सांगितलेली वाटणी आम्हांस आजही व्यवहार्य वाटते. मिळकतीचे चार भाग करावेत : एक उपभोगासाठी, दोन उद्योगात घालण्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. पगारदार माणसाला अर्धी मिळकत कामात घालणे अशक्य वाटेल. परंतु येथे प्रश्न पगाराचा नसून एकराच्या मिळकतीचा आहे. बोकडाचे दोन हजार आले तर हजाराचे खत, जाळी, रोपे घ्यावीत आणि पाचशे खात्यात टाकावेत. तळे आणि घर यांसाठी एकाच वेळी कर्ज काढू नये. घर पैसे देत नाही, आणि तळेही पहिल्या वर्षी देत नाही.

ज्यांना यंदा सुरुवात करावयाची आहे त्यांच्यासाठी क्रम असा. उन्हाळ्यात उतारे आणि मोजणी. जूनच्या आत बांधावर गिरिपुष्प व शेवग्याची खुंटे. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन शेतात उभे राहावे आणि पाणी कोठून येते, कोठे साचते, ते खडूने नव्हे तर खुंट्या ठोकून नोंदवावे. तळ्याची जागा तीच. छपराला पन्हळ आणि पहिली टाकी सप्टेंबरच्या आत, म्हणजे परतीचा पाऊस तरी सापडतो. परसबाग प्रथम अर्ध्या गुंठ्याचीच करावी. घर सर्वांत शेवटी. तोपर्यंत पत्र्याची पडवी पुरते, आणि पाणी तिच्यावरूनही उतरते. या लेखातील आकडे आमच्या अंदाजाचे आहेत, ते पहिल्या वर्षाच्या वहीतील आकड्यांनी खोडून टाकावेत. वही वहिनीकडे द्यावी, कारण हंडे मोजणारी तीच आहे.