अभ्यासपाठ : आधी ऐकणं, मग सांगणं

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आजचा विषय जरा जड आहे, पण टाळण्यासारखा नाही. सोयाबीनचा पडलेला भाव, पोराची परीक्षा, पीथमपूरच्या कारखान्यातली सुटलेली नोकरी, घरातली धुसफूस... निमित्त काहीही असो, माणूस आतून खचतो आणि जीव नकोसा होतो. अशा वेळी आपण बेटमेकरांनी काय करायचं?

गीतेचा पहिला अध्याय आठवा. अर्जुनाच्या हातून धनुष्य गळतंय, अंगाला कंप सुटलाय. तो आपलं दुःख सांगत राहतो आणि अध्याय संपेपर्यंत भगवंत मध्ये बोलत नाहीत. उपदेश येतो तो दुसऱ्या अध्यायात.

आपल्याकडे बरेचदा उलटं होतं. कोणी "आता जगावंसं वाटत नाही" म्हणालं, की लगेच "असं अभद्र बोलू नये, नाम घे, सगळं ठीक होईल." नाम घ्यावंच. पण पहिल्याच वाक्याला हे ऐकलं की समोरचा गप्प होतो, आणि आपली श्रद्धाच कमी पडली असं त्याला वाटायला लागतं. नैराश्य हा आजार आहे, श्रद्धेची परीक्षा नव्हे. शुगरची गोळी घेणारे काका नामही घेतातच ना?

*गावानं काय होऊ शकतं?*
विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवलं. त्यांनी घरोघरी जाऊन विचारपूस केली, धीर दिला, गरज पडली तिथे डॉक्टरांकडे पाठवलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षात हा आकडा २७ झाला.

*दवाखान्यातून घरी आल्यावर?*
खरी काळजी तेव्हाच घ्यायची. चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी, आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्यांशी दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेटीतून संपर्क ठेवला गेला. २००८ साली निष्कर्ष आले : ज्यांची अशी विचारपूस झाली, त्यांच्यात पुढे आत्महत्येनं झालेले मृत्यू खूपच कमी होते. "कसे आहात?" एवढंच, पण न चुकता.

*घरात काय करावं?*
शेतीची फवारणीची औषधं घरात हाताशी नकोत. कुलपात, शक्यतो घराबाहेर ठेवावीत. टोकाचा विचार बरेचदा थोड्या वेळाचा असतो, तेवढी वेळ टळली की जीव वाचतो. श्रीलंकेनं सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं.

*पोलिसांची भीती?*
तिच्यापायी उपचार लांबवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं. त्याला शिक्षा नाही, काळजी आणि उपचार द्यायचे आहेत.

*लक्षात ठेवा*
🔸 स्पष्ट विचारा : "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार मनात येत नाही; उलट बोलायला वाट मिळते.
🔸 मध्ये न तोडता ऐका. "लोक काय म्हणतील" हे नको.
🔸 "कोणाला सांगू नका" असं वचन देऊ नका. घरच्या एका समजूतदार माणसाला सोबत घ्या.
🔸 धोका वाटला तर एकटं सोडू नका, थेट दवाखान्यात न्या. इंदूरला एम. वाय. मध्ये मानसोपचार विभाग आहे.
🔸 टेली-मानस : १४४१६. सरकारी, मोफत, दिवसरात्र. स्वतःसाठीही लावा, दुसऱ्यासाठीही.

*या आठवड्याचा स्वाध्याय :* सत्संगाला येणारं कोण हल्ली दिसत नाही? आपण प्रत्येकानं अशा एका घरी जायचं. प्रसाद घेऊन जा, पण उपदेश घेऊन जाऊ नका. चहा घ्या, बसा, ऐका.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात असे विचार येत असतील, तर दादा, ताई, आजच कोणाशी तरी बोला. तुम्ही आम्हाला हवे आहात.

॥ शुभं भवतु ॥