आधी घरातली धुसफूस आवर

अगं, चिमी वरणभात खाताना मोबाइल मागते म्हणून इतकी हवालदिल होऊ नकोस. मला त्या मोबाइलपेक्षा त्यावरून तुम्हा दोघांत रोज उडणाऱ्या खटक्यांची जास्त काळजी वाटते. ‘सवय तूच लावलीस’, ‘मग तू भरव ना’, आणि मधे ती पोर घास तोंडात धरून दोघांकडे टकामका बघत बसते.

तिला काय कळतंय, असं म्हणू नकोस. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा ते बारा महिन्यांच्या बाळांना झोपेत असताना, एमआरआय चालू ठेवून, कुणाचा तरी आवाज ऐकवला. शब्द निरर्थकच होते, बदलत होता तो फक्त सूर: कधी रागाचा, कधी आनंदाचा, कधी साधा. ज्या घरांत आईवडिलांची भांडणं जास्त, तिथल्या बाळांच्या मेंदूतले ताण आणि भावना हाताळणारे भाग रागाच्या सुराला जास्त जोरात प्रतिसाद देत होते. हे २०१३ सालचं संशोधन. गाढ झोपलेली बाळं गं ती! वाचल्यापासून मी पाळण्याजवळ कुणाला आवाज चढवू देत नाही.

आता स्क्रीनचं. संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी सिअ‍ॅटलमध्ये नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, पुस्तक दाखवणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेचे बारीक ध्वनी ओळखायला शिकली. तेच सगळं टीव्हीवर दाखवलं, तर काहीच शिकली नाहीत. बाळानं हुंकार दिला की माणूस ‘हो का गं?’ म्हणतं, ते बघेल तिकडे बघतं. पडद्याला ते जमत नाही. म्हणून मोबाइल मुलांचं काय बिघडवतो, यापेक्षा तो घरातली कुठली बोलणी गिळतो, हे मला मोठं वाटतं. आणि आईबाप एकमेकांवर फुगलेले असले की ती बोलणी आधीच आटलेली असतात. मग पोराच्या हातात मोबाइल जाणारच.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास स्क्रीन, आणि त्याहून कमी तेवढं बरं. चिमीला दोन पूर्ण झालीत, तेव्हा तू थकून आलीस आणि वीस मिनिटं गाणी लावून दिलीस, तर जिवाला खात बसू नकोस. आजीशी व्हिडिओ कॉल तर खुशाल करू दे, तिथे पलीकडून उत्तर येतं. सासूबाईंच्या मालिकेवरूनही वाद नको. त्या वेळी तिला स्वयंपाकघरात घे, कोथिंबीर निवडताना एक काडी तिच्या हातात दे. ती ‘पाना’ म्हणेल. ‘हो गं, हिरवं हिरवं पान, वास घे बरं,’ म्हण आणि थांब. तिला तिचं बोलू दे, वेळ लागला तरी मधे पडू नकोस.

नवऱ्याशी काय बोलायचं ते ती झोपल्यावर, दुसऱ्या खोलीत. जेवताना तुम्हा दोघांचेही फोन ताटापासून लांब राहू देत, नाहीतर तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

आणि येत्या रविवारी चिमीला माझ्याकडे सोड. तुम्ही दोघं कुठेतरी निवांत जेवून या. मोबाइलचा विषय मात्र तिथे काढायचा नाही.