लोणारचे पाणी व आपली ओलिताची जमीन

नेर तालुक्यातील काळी जमीन ज्या ज्वालामुखीजन्य खडकापासून बनली, त्याच जातीच्या खडकात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आहे. उल्कापाताने झालेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्यात पावसाचे व झऱ्यांचे पाणी येते. परंतु बाहेर जाण्यास वाट नाही.

खडक झिजून कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम पाण्यात उतरतात. उन्हाने पाणी आटते, क्षार मात्र मागे राहतात. कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने तळाशी बसते. सोडियम विरघळलेलेच राहते. त्यामुळे क्षारांचा समतोल ढळून तेथील पाण्याचा सामू १० च्या आसपास आढळला आहे.

निचरा नसलेल्या शेतात सोडियमयुक्त विहिरीचे पाणी दिल्यास हेच घडते. मातीची छिद्रे बुजतात व जमीन चोपण होते. अशा जमिनीचा सामू ८.५ च्या वर असतो.

यास्तव ओलितापूर्वी शेतकरी बंधूंनी माती व पाणी तपासून घ्यावे. उताराच्या दिशेने चर काढावेत, ताग अथवा धैंचा जमिनीत गाडावा आणि तपासणीच्या अहवालाप्रमाणे जिप्सम द्यावे. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांपासून सोडविते. सुटलेले सोडियम निचऱ्यावाटे निघून जाते. निचऱ्यावाचून जिप्समचा खर्च वाया जातो, ही गोष्ट ग्रामसेवकांनी आवर्जून समजावून द्यावी.